मीड तलाव भरत का नाही, आणि हेंडरसनला घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून नोकरीसाठी लास वेगासशेजारच्या हेंडरसनला आलात, घर घ्यायचं चाललंय, पण वेगासला पाणी देणारा मीड तलाव आटत चालल्याच्या बातम्या वाचून घरचे धास्तावलेत. २०२३ मध्ये रॉकी पर्वतात एवढं बर्फ पडलं, वेगासच्या रस्त्यांवर पाणी तुंबलेलं तुम्ही स्वतः पाहिलंत, तरी तलाव वर का येत नाही? आणि दहा-पंधरा वर्षांनी नळाला पाणी असेल का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तलाव का खाली जातो हा एक, आणि खाली गेला तर कुणाचं पाणी तुटतं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर काळजीचं आहे. दुसऱ्याचं, तुमच्यापुरतं तरी, बरंच दिलासा देणारं आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी महाराष्ट्रात सिंचनाच्या कामात काढली आणि नंतर बराच काळ ॲरिझोनात पाण्याच्या नियोजनात आहे, म्हणून आकडे आपल्या सवयीच्या टीएमसीत देते. इथे सगळं एकर-फुटांत मोजतात. दहा लाख एकर-फूट म्हणजे साधारण साडेत्रेचाळीस टीएमसी.

आधी आकाराचा अंदाज घ्या. हूवर धरण १९३५ मध्ये उभं राहिलं आणि त्याच्यामागे कोलोरॅडो नदीचा हा जलाशय तयार झाला. पूर्ण भरला तर यात सुमारे ११४० टीएमसी पाणी मावतं, म्हणजे कोयनेच्या जवळजवळ अकरा पट. बातम्यांत जी पातळी देतात ती खोली नसते, समुद्रसपाटीपासूनची उंची असते. काठोकाठ भरला की १,२२९ फूट. २००० च्या सुरुवातीला तो १,२१४ फुटांच्या आसपास होता, म्हणजे भरल्यातच जमा. जुलै २०२२ मध्ये १,०४० फुटांवर आला, तेव्हा साठा २७ टक्क्यांच्या आसपास होता. पहिल्यांदा भरल्यानंतरच्या सगळ्या वर्षांतला हा नीचांक. त्यानंतर चढला, २०२४ च्या सुरुवातीला १,०७५ च्या थोडा वर गेला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा १,०५५ च्या जवळ आला.

आता २०२३ च्या बर्फाचं काय झालं ते यातच दिसतं. नीचांकापासून पस्तीसेक फूट पाणी चढलं. पण भरायला अजून दीडशे फूट हवे होते. शिवाय सगळे फूट सारखे नसतात. तलाव वर परातीसारखा पसरट आणि खाली अरुंद आहे. भरलेल्या तलावात एक फूट म्हणजे जवळपास सात टीएमसी, तर २०२२ च्या नीचांकाजवळ एक फूट म्हणजे तीन-सव्वातीन टीएमसी. त्यामुळे खालच्या पातळीवर थोड्या पाण्यानंही तलाव झपाट्यानं चढतो आणि तितक्याच झपाट्यानं उतरतो. ‘एका वर्षात वीस फूट वाढ’ असा मथळा वाचला की मी आधी विचारते, कुठल्या पातळीपासून?

वेगासच्या पावसाचं दोन वाक्यांत सांगते. तिथे वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडतो. रस्त्यावरचं ते पाणी ओढ्यांतून शेवटी तलावातच जातं, पण एवढ्या मोठ्या जलाशयात ते मोजण्याइतकंही नसतं. मीडचं बहुतेक पाणी कोलोरॅडो, वायोमिंग, युटा या राज्यांतल्या डोंगरांवर वितळणाऱ्या बर्फाचं. ते आधी वरच्या पॉवेल जलाशयात अडतं आणि तिथून ठरवून सोडलं जातं, मग ग्रँड कॅन्यनमधून मीडमध्ये येतं. म्हणजे मीडची आवक मुख्यतः वरच्या धरणाच्या दरवाज्यांवर ठरते. आपल्याकडे जायकवाडीची पातळी कळण्यासाठी नाशिक-नगरच्या धरणांतून काय सुटलं ते पाहावं लागतं, तसंच इथेही.

आता हिशेब. हा मी नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला कागद-पेन्सिल घेऊन करायला लावते, कारण तो एकदा हातानं केला की बाकीच्या बातम्या आपोआप समजतात.

पॉवेलमधून साधारण वर्षी मीडसाठी सुटणारं पाणी सुमारे ३५८ टीएमसी. मधल्या ओढ्या-नद्यांतून आणखी ३४ येतं. एकूण आवक ३९२. आता खालच्या हक्कदारांचं वाटप मांडा: कॅलिफोर्निया १९२, ॲरिझोना १२२, नेवाडा १३, आणि १९४४ च्या करारानं मेक्सिकोला ६५. बेरीज ३९२. आवक आणि वाटप तंतोतंत जुळलं. आणि वाळवंटातल्या एवढ्या मोठ्या पाण्यावरून वर्षाला जवळपास सहा फुटांचा थर वाफ होऊन उडतो, तो कुठे धरलाय? मीडचं बाष्पीभवन वर्षाला साधारण २६ टीएमसी, आणि हूवरच्या खाली नदीत, तिथल्या छोट्या जलाशयांत व काठच्या झाडोऱ्यात जाणारं आणखी तितकंच. मिळून ५२ टीएमसी. हे कुणाच्याच वाट्यातून कापलेलं नव्हतं. ते तलावातून जात राहिलं.

उजनीचा उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी आहे. म्हणजे एक अख्खी उजनी दरवर्षी मीडमधून कमी होत होती, आणि तीही वरून ठरलेलं पाणी व्यवस्थित आलं तर. तलावाची पातळी त्यामुळे वर्षाला साधारण बारा फूट खाली जाते. कुठलाही दुष्काळ न धरता. २००० आधी हे जाणवलं नाही, कारण ॲरिझोनाचा मोठा कालवा पूर्ण क्षमतेनं चालत नव्हता आणि अधूनमधून येणारी ओली वर्षं, विशेषतः १९८३ चा पूर, तूट भरून काढत. ओली वर्षं कमी झाली आणि तूट उघडी पडली.

ही तूट आली कुठून, तर १९२२ च्या करारातून. खोऱ्यातल्या सात राज्यांच्या प्रतिनिधींनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सँटा फे इथे नदीचं पाणी वाटून घेतलं. वरच्या राज्यांना ३२७ टीएमसी, खालच्यांना ३२७. नंतर मेक्सिकोचे ६५ धरले की वाटप झालं ७१९. नदीचा प्रवाह विसाव्या शतकात सरासरी साडेसहाशे टीएमसीच्या आसपास होता, आणि २००० नंतर ५४० च्या जवळ आला आहे. करार झाला त्याआधीची वर्षं नेमकी ओली होती. युजीन लारू हे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणातले जलशास्त्रज्ञ त्या काळातच सांगत होते की नदीत एवढं पाणी नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही. आणि खोऱ्यात आज ज्या ३० मूळनिवासी जमाती आहेत, त्यांच्यापैकी कुणालाही त्या टेबलावर जागा नव्हती. ज्यांचा हक्क सर्वांत जुना, त्यांना वगळून वाटप झालं. या नदीवर काम करणाऱ्या कुणालाही हा अन्याय बाजूला ठेवून बोलता येऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांचे हक्क आता न्यायालयांतून आणि करारांतून एकेक करून मान्य होत आहेत आणि ते पाणीही याच नदीतून द्यायचं आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. वरची राज्यं आपला पूर्ण वाटा वापरत नाहीत, बरीच कमी वापरतात. म्हणून तर ही व्यवस्था आजवर कोसळली नाही. वरचे म्हणतात, आम्ही निसर्गानं दिलं तेवढंच वापरतो, आमच्या डोक्यावर मोठं धरण नाही, बर्फ कमी पडलं की आमचे शेतकरी आपोआप कोरडे राहतात. खालचे म्हणतात, करारातलं पाणी खाली सोडणं तुमची जबाबदारी आहे. दोन्ही बाजू ऐकताना मला महाराष्ट्रातल्या कालवा सल्लागार समितीच्या बैठका आठवतात. शब्द वेगळे, ताण तोच.

बर्फाबद्दलही एक बारकावा आहे, जो गेल्या काही वर्षांत आम्हाला सगळ्यांना नव्यानं शिकावा लागला. बर्फ किती पडलं यावरून पाणी किती येईल हे आता पूर्वीसारखं सांगता येत नाही. २०२१ मध्ये डोंगरांवरचं बर्फ सरासरीपेक्षा थोडंच कमी होतं. पॉवेलमध्ये आलेलं पाणी मात्र सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश. आधीचा उन्हाळा आणि शरद ऋतू कोरडे गेले होते, माती तहानलेली होती, तिनं वितळलेलं पाणी आधी स्वतः प्यायलं. वसंत ऋतू उष्ण असला तर काही बर्फ वितळून ओढ्यात येण्याआधीच हवेत उडून जातं, झाडंही लवकर पाणी ओढू लागतात. तापमान वाढतंय म्हणून हे नुकसान कायमचं धरूनच नियोजन करायला हवं. ‘दोन चांगले हिवाळे आले की सगळं सुरळीत होईल’ असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्यावर घराचा निर्णय घेऊ नका.

इथवरचं एकत्र करायचं तर: तलाव खाली जातो कारण ठरलेली जावक ठरलेल्या आवकेपेक्षा जास्त आहे, आणि त्यावर गेली पंचवीस वर्षं आवकही घटली आहे. पहिलं कारण माणसांच्या हातात आहे. दुसरं बहुतांशी नाही.

आता तुमच्या खऱ्या चिंतेकडे येते, की पाणी कमी झालं तर कुणाचं तुटतं.

याचे नियम लिहिलेले आहेत. २००७ मध्ये ठरलं, २०१९ मध्ये त्यात भर पडली. दर ऑगस्टमध्ये अमेरिकी पुनर्प्राप्ती विभाग (ब्युरो ऑफ रेक्लमेशन, ही धरणं चालवणारं केंद्र सरकारचं खातं) येत्या जानेवारीची मीडची पातळी किती असेल याचा अंदाज काढतो. अंदाज १,०७५ फुटांखाली असेल तर पहिल्या टप्प्याची कपात, १,०५० खाली दुसरा टप्पा, १,०२५ खाली तिसरा. पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, २०२२ या वर्षासाठी. तेव्हापासून २०२६ पर्यंत दरवर्षी कपात लागू आहे, आणि २०२३ साठी ती दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेली होती.

पहिल्या टप्प्यात ॲरिझोनाचं २२ टीएमसीहून थोडं जास्त पाणी कापलं जातं, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या १८ टक्के. मेक्सिकोचं साडेतीन. नेवाडाचं एक टीएमसीपेक्षाही कमी. कॅलिफोर्नियाचं शून्य. बेरीज करा: सत्तावीसच्या आत. तूट ५२ ची आणि कपात २७ ची. म्हणजे पहिला टप्पा लागला तरी भोक निम्मंच बुजतं. उरलेलं पैसे देऊन भागवलं जातं. २०२३ मध्ये खालच्या तीन राज्यांनी २०२६ अखेरपर्यंत मिळून तीस लाख एकर-फूट, म्हणजे १३१ टीएमसी पाणी वाचवायचं कबूल केलं. त्यातल्या मोठ्या भागाची भरपाई केंद्र सरकार देतं. शेत पडीक ठेवा, पाणी तलावात राहू द्या, त्याचे पैसे घ्या. चांगला उपाय आहे, पण पैसा असेपर्यंतच.

ॲरिझोनावर एवढा भार का, तर रांगेत ते शेवटी आहेत. फिनिक्स आणि टूसॉनला पाणी नेणारा ३३६ मैलांचा कालवा मंजूर करून घेताना, १९६८ मध्ये, टंचाईत आपलं पाणी कॅलिफोर्नियाच्या आधी तुटेल हे त्यांना मान्य करावं लागलं. त्यामुळे २०२२ मध्ये पहिला फटका फिनिक्सच्या दक्षिणेकडच्या पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांना बसला. तिथे कापूस आणि अल्फाल्फा गवताची जमीन पडीक पडलेली मी पाहिली आहे. कालवा बाजूनं वाहतोय, पाणी शहराकडे चाललंय आणि शेताच्या दारातली झडप बंद. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं दुःख कुठल्याही देशात सारखंच असतं.

आणि आता वेगास. या शहरावर लोक उगाच खापर फोडतात असं माझं स्पष्ट मत आहे. कारंजी आणि रोषणाई पाहून वाटतं हेच पाणी संपवतात. नेवाडाचा अख्खा हक्क १३ टीएमसी. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा साठा २९ आहे, त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि तेवढाही ते वापरत नाहीत. २००२ नंतर त्या खोऱ्याची लोकसंख्या सात लाखांहून जास्त वाढली आणि कोलोरॅडोचा वापर कमी झाला. पुनर्प्राप्ती विभाग दर महिन्याला पुढच्या चोवीस महिन्यांचा तक्ता काढतो. त्यात मीडच्या पानावर एका रकान्यात हूवरमधून होणारा विसर्ग असतो आणि शेजारी दक्षिण नेवाडाची उचल. विसर्गाचा आकडा महिन्याला कित्येक शे हजार एकर-फुटांत, वेगासचा त्याच एककात फार तर दोन आकडी. हे दोन रकाने शेजारी शेजारी पाहिले की वाद उरत नाही.

हे जमलं कसं? घरातलं सगळं सांडपाणी, म्हणजे आंघोळ, भांडी, संडास, शुद्ध करून परत तलावात सोडलं जातं, आणि जितकं परत दिलं तितकं पुन्हा उचलता येतं. म्हणून घरात तुम्ही किती वेळ शॉवर घेता यानं तलावाला फारसा फरक पडत नाही. परत न येणारं पाणी हिरवळीचं आणि पाण्यावर चालणाऱ्या कूलरचं. म्हणून त्यांनी हिरवळ काढणाऱ्यांना पैसे दिले, आणि २०२१ मध्ये नेवाडानं कायदाच केला की वेगास परिसरात निव्वळ शोभेच्या हिरवळीला, म्हणजे रस्त्यांच्या दुभाजकांत, ऑफिसांपुढे असते तिला, २०२७ पासून कोलोरॅडोचं पाणी मिळणार नाही. घराच्या अंगणाला हा कायदा लागू नाही.

दुसरी गोष्ट उचल करण्याची. तलावाची पातळी खाली गेली की पाणी ओढणारी तोंडं उघडी पडतात. एप्रिल २०२२ मध्ये जुन्या तोंडांपैकी सर्वांत वरचं तोंड खरोखरच पाण्याबाहेर आलं. पण तोवर २०१५ मध्ये तलावाच्या तळाखालून सुमारे तीन मैलांचा बोगदा खणून, ८६० फुटांवरून पाणी घेणारं तिसरं तोंड तयार होतं, आणि खोल पाणी उपसणारं नवं पंपगृहही त्याच महिन्यात सुरू झालं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण ८९५ फुटांखाली हूवर धरणातून पाणी खाली सोडताच येत नाही. तो मृत साठा. म्हणजे कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाला थेंब जाणार नाही अशा स्थितीतही वेगासला पाणी उचलता येईल. त्याआधी ९५० फुटांवर वीजनिर्मिती थांबलेली असेल. एवढ्या दूरचा विचार करून खर्च केलेलं दुसरं शहर या खोऱ्यात मला माहीत नाही.

मग पाणी खरं जातं कुठे? शेतीत. कॅलिफोर्नियातल्या एकट्या इम्पीरियल सिंचन जिल्ह्याचा हक्क १३५ टीएमसीचा, कोयनेपेक्षा मोठा. हे ऐकून लगेच शेतकऱ्यांना दोष देऊ नका. हिवाळ्यात अमेरिकेच्या दुकानांत दिसणारी हिरवी भाजी मोठ्या प्रमाणात त्याच भागातून आणि शेजारच्या यूमामधून येते, हक्क शंभर वर्षांचे आहेत, आणि बारमाही अल्फाल्फा घेणाऱ्याला त्याचं गणित जमतं म्हणून तो ते घेतो. आपल्याकडे उसाबद्दल बोलताना जी खबरदारी घ्यायला हवी तीच इथेही. पण ५२ टीएमसीची तूट कुठून भरून काढायची हा प्रश्न आला की नजर तिकडेच जाणार, कारण पाणी तिथेच आहे. वेगासनं उद्या नळ पूर्ण बंद केला तरी ती तूट भरून निघत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. सध्याचे नियम २०२६ अखेर संपतात. पुढचे नियम सात राज्यं संमतीनं ठरवतात, केंद्र सरकार लादतं, की प्रकरण न्यायालयात जातं, यावर कपातीचं वाटप ठरेल. नेवाडाचा वाटा आणखी थोडा कापला गेला तरी शहराकडे वाव आहे, कारण हक्कापेक्षा वापर कमी आहे. तुम्ही हेंडरसनऐवजी पिनाल परगण्यात किंवा फिनिक्सच्या बाहेरच्या, फक्त भूजलावर वाढणाऱ्या वसाहतीत घर घेणार असता, तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे मी आधी पाण्याची कागदपत्रं मागायला सांगितलं असतं.

हेंडरसनमध्ये नळ कोरडा पडेल म्हणून घर टाळावं असं मला वाटत नाही. पाण्याचं बिल वाढेल हे धरून चाला, आणि अंगणाची हौस आवरावी लागेल. घर पाहताना समोर-मागे हिरवळ किती आहे ते बघा. असेल तर ती काढून वाळवंटी झाडं लावायला मिळणाऱ्या अनुदानाची चौकशी करा. पाण्यावर चालणारा कूलर आहे की एसी, ते विचारा. सोसायटीच्या सामाईक हिरवळीचं २०२७ च्या आधी काय करायचं ठरलंय आणि तो खर्च कुणाच्या माथी, हे सही करण्याआधी लेखी घ्या. नव्यानं स्विमिंग पूल बांधायचा असेल तर स्थानिक मर्यादा आधी तपासा. क्लार्क परगण्यानं २०२२ पासून नव्या घरगुती पूलला ६०० चौरस फुटांची मर्यादा घातली आहे आणि हेंडरसन शहराचे नियम स्वतंत्र असू शकतात.

घरच्यांना पातळीचा आकडा रोज बघायचा असेल तर बघू द्या, पण त्यांना सांगा की वर्षातून एकदा, ऑगस्टच्या मध्याला येणारा तो अंदाज वाचला तरी पुरे. त्यात पॉवेलमधून पुढच्या वर्षी किती सुटणार ते आधी पाहायचं आणि मग मीडची जानेवारीची पातळी. पॉवेलचा विसर्ग ३५८ टीएमसीच्या बराच खाली दिसला तर त्या वर्षी मीड उतरणार, मग वेगासला कितीही पाऊस पडो.